एसटी स्टँडवर फलाट किती लागतात? या हिशोबामागचा मोठा प्रश्न विचारणारा क्लोद बर्ज

समजा, मेहकरच्या एसटी स्टँडचं सकाळचं वेळापत्रक तुमच्या हातात आहे. चिखली, लोणार, रिसोड, जालना... कोणती गाडी कधी लागते आणि कधी सुटते, सगळं लिहिलेलं आहे. आता सांगा, कमीत कमी किती फलाट लागतील?

उत्तर सोपं आहे. एका वेळी जास्तीत जास्त जितक्या गाड्या उभ्या असतात, तितके. चार असतील तर चार. पाचवा लागत नाही.

आता प्रत्येक गाडीसाठी एक ठिपका काढा. ज्या दोन गाड्या एकाच वेळी स्टँडवर असतात, त्यांचे ठिपके रेघेने जोडा. या जाळ्याला गणितात ग्राफ म्हणतात. गाड्यांच्या ग्राफमध्ये हा हिशोब नेहमी जुळतो.

पण सगळीकडे नाही जुळत.

पाच विषयांची परीक्षा आहे. विषय गोलात मांडले, तर फक्त शेजारशेजारच्या दोन विषयांना काही विद्यार्थी सारखेच आहेत, म्हणून त्यांचे पेपर एकाच वेळी ठेवता येत नाहीत. एकमेकांना अडणारे तीन विषय कुठेच नाहीत. मग दोन सत्रांत काम व्हायला हवं. सकाळ, दुपार, सकाळ, दुपार असं करत जा. पाचवा विषय अडतो, कारण त्याच्या एका बाजूला सकाळ आहे आणि दुसऱ्या बाजूला दुपार. तिसरं सत्र लागतंच.

हिशोब कुठे जुळतो आणि कुठे फसतो, याचा नेमका नियम काय? हा प्रश्न गणितापुढे ठेवला फ्रान्सच्या क्लोद बर्ज यांनी.

राष्ट्राध्यक्षांचा पणतू

बर्ज यांचा जन्म ५ जून १९२६ रोजी पॅरिसमध्ये झाला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फोर हे त्यांचे पणजोबा. वडील आंद्रे बर्ज मनोविश्लेषक होते.

ग्राफ थिअरीला तेव्हा अनेक जण कोडी सोडवण्याचा खेळ समजायचे. १९५८ मध्ये बर्ज यांनी या विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्याचे व्यवहारातले उपयोगही दाखवले. जगभरातल्या अनेकांना हा विषय कळला तो याच पुस्तकातून.

माणूस नुसता गणितात रमणारा नव्हता. ते शिल्पं करायचे. १९६० मध्ये पॅरिसमध्ये लेखक आणि गणितज्ञांनी मिळून 'उलिपो' हा गट काढला, त्यातही ते सुरुवातीपासून होते. पुढे त्यांनी एका ड्यूकच्या खुनाची रहस्यकथा लिहिली. त्यात कोण कधी वाड्यावर होतं, याचा ग्राफ काढून खोटं बोलणारी व्यक्ती सापडते. गाड्यांचा काढला, त्याच जातीचा ग्राफ.

दोन अंदाज

ज्या ग्राफमध्ये हा हिशोब जुळतो, आणि त्यातले कोणतेही ठिपके काढून टाकले तरी जुळतच राहतो, त्याला बर्ज यांनी परफेक्ट ग्राफ म्हटलं. १९६० च्या सुमारास त्यांनी दोन अंदाज मांडले.

पहिला असा: परफेक्ट ग्राफ उलटा केला, म्हणजे आहेत त्या रेघा पुसून नाहीत तिथे मारल्या, तरी तो परफेक्टच राहतो.

दुसरा जास्त धाडसी होता. हिशोब फसतो तो एकाच कारणाने. ग्राफमध्ये कुठेतरी पाच, सात, नऊ अशा विषम ठिपक्यांचं, मध्ये आडवी रेघ नसलेलं कडं लपलेलं असतं, किंवा अशा कड्याचं उलटं रूप. तिसरं कारण नाही.

या कहाणीत भारतही आहे. १९६३ मध्ये बर्ज कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले होते. परफेक्ट ग्राफवरचा त्यांचा महत्त्वाचा लेख याच संस्थेने छापला.

पहिला अंदाज १९७२ मध्ये हंगेरीच्या लास्लो लोवास यांनी सिद्ध केला. तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. दुसरा मात्र कुणालाच दाद देईना. दरम्यान या प्रश्नाचं महत्त्व वाढत गेलं. कुठल्याही ग्राफसाठी कमीत कमी फलाट किंवा सत्रं शोधणं कॉम्प्युटरलाही जड जातं. परफेक्ट ग्राफसाठी मात्र त्याची कार्यक्षम पद्धत १९८० च्या दशकात सापडली.

अखेर मे २००२ मध्ये मारिया चुडनोव्हस्की, नील रॉबर्टसन, पॉल सेमूर आणि रॉबिन थॉमस यांनी दुसरा अंदाजही खरा असल्याचं सिद्ध केलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३० जून २००२ रोजी, बर्ज यांचं निधन झालं. ते ७६ वर्षांचे होते.

ती सिद्धता २००६ मध्ये छापून आली. दोन ओळींत मावणाऱ्या अंदाजाला जवळपास १८० पानं लागली होती.