ऑनेस आणि ताणलेली तार

सुपरकंडक्टरबद्दल वाचताना हाइके कामरलिंग ऑनेस हे नाव तुमच्या नजरेखालून गेलं असेल. परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं, बरोबर ना? आज जरा या माणसाला भेटा.

ऑनेस यांचा जन्म १८५३ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा. वडिलांचा विटांचा कारखाना. १८८२ मध्ये ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रयोगांना तरबेज हात लागतात, हे ओळखून त्यांनी उपकरणं घडवणाऱ्या कारागिरांची शाळाच काढली. १९०८ मध्ये त्यांनी हेलियम वायूचा द्रव करून दाखवला. १९११ मध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला, पाऱ्याचा विद्युत रोध एकदम नाहीसा झाला! १९१३ मध्ये नोबेलही मिळालं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. रोध नाही म्हणजे तार तापणार नाही. मग भरपूर वीज सोडून १ लाख गॉसचं चुंबक का बनवू नये? त्यांनी कथील आणि शिशाच्या तारांची वेटोळी करून पाहिली, पण ती फार लवकर फसली. आधी वाटलं, तारेतच कुठे खराब जागा असेल. १९१४ मध्ये कळलं, चुंबकीय क्षेत्रच तारेचा हा गुण मारतं. शिशाला साधारण ६०० गॉस पुरे!

मोजमाप मात्र थांबलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर, १९२५ मध्ये, सिझू यांच्यासोबत त्यांनी नवा प्रश्न घेतला: तार ताणली तर? कथील ताणलं, की रोध नाहीसा होण्याचं तापमान किंचित वर सरकायचं. दाबलं, की खाली यायचं. फरक इवलासा. पुढच्याच वर्षी ऑनेस गेले.

आज १ लाख गॉसच्या पुढची चुंबकं बनतात, ती बहुधा नायोबियम आणि कथलाच्या संयुगापासून. हे संयुग चिनी मातीच्या बशीसारखं ठिसूळ. चुंबकाचं स्वतःचंच बल तारेला ओढतं. लांबी हजारात दोन-तीन भागांनी बदलली, तरी तिची वीज वाहण्याची क्षमता घसरते. आणखी ताणलं तर आत बारीक तडे जातात आणि गेलेली क्षमता परत येत नाही. म्हणून आधी वेटोळं गुंडाळतात आणि मग सुमारे ६५० अंशांवर भाजून संयुग तयार करतात. भारत भागीदार असलेल्या फ्रान्समधल्या ‘इटर’ प्रकल्पातही चाचणीत वारंवारच्या ताणाने केबल कमजोर पडू लागली, तेव्हा तारांचा पीळच बदलावा लागला.

तेव्हा लॅबमध्ये रीडिंगमधला इवलासा फरक दिसला, तर तो खोडू नका. वहीत लिहून ठेवा.