विश्लेषण : यंत्र नसतानाही १८४३ मध्ये ‘लूपमधला लूप’ कसा लिहिला गेला?

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना सुरुवातीलाच एक सराव-प्रश्न हमखास दिला जातो. पहिल्या ओळीत १, दुसरीत १ २, तिसरीत १ २ ३ असा आकड्यांचा त्रिकोण छापायचा. त्यासाठी लूपच्या आत लूप, म्हणजे ‘नेस्टेड लूप’ लिहावा लागतो. बाहेरचा लूप ओळी मोजतो, आतला त्या ओळीतले आकडे छापतो. संगणक प्रत्यक्षात येण्याच्या सुमारे १०० वर्षे आधी हीच रचना एडा लव्हलेस यांनी छापील स्वरूपात मांडली होती.

एडा लव्हलेस कोण होत्या?

लंडनमध्ये १० डिसेंबर १८१५ रोजी जन्मलेल्या एडा या कवी लॉर्ड बायरन यांच्या कन्या. त्या महिन्याच्या असतानाच आई-वडील विभक्त झाले. मुलीत वडिलांचा लहरी स्वभाव उतरू नये म्हणून आईने तिला गणिताची गोडी लावली. त्या काळी इंग्लंडमधील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. त्यामुळे तीन मुलांची आई झाल्यावरही, १८४० पासून, त्या गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडून पत्रांद्वारे उच्च गणित शिकल्या.

बॅबेज यांच्या यंत्राशी संबंध कसा आला?

वयाच्या १७व्या वर्षी, १८३३ मध्ये त्यांची चार्ल्स बॅबेज यांच्याशी भेट झाली. बॅबेज यांनी पुढे ‘ॲनालिटिकल इंजिन’ या यंत्राचा आराखडा केला. यंत्रमागाप्रमाणे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर ते चालणार होते. पत्ते मागे फिरवले की तीच कृती पुन्हा करता येणार होती. या यंत्रावरील मेनाब्रेआ यांच्या फ्रेंच लेखाचा एडा यांनी अनुवाद केला आणि त्याला मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट लांबीच्या टिपा जोडल्या. १८४३ मध्ये तो केवळ आद्याक्षरांनिशी प्रसिद्ध झाला.

त्या टिपांत काय होते?

शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्याचा तक्ता आहे. प्रत्येक नवी संख्या आधीच्या संख्यांवरून काढायची असल्याने तोच क्रियासमूह दर वेळी एकदा अधिक फिरवावा लागतो. आकड्यांच्या त्रिकोणातही चौथ्या ओळीला आतला लूप चार वेळा, पाचव्या ओळीला पाच वेळा फिरतो. तत्त्व एकच. चक्राच्या आत चक्र, ही कल्पना एडा यांनी टिपांत स्वतंत्रपणे समजावली आहे.

तक्त्यात एक चूकही आहे. चौथ्या क्रियेत भाज्य आणि भाजक यांची अदलाबदल झाली आहे. आज अशी चूक प्रोग्रॅम चालवताच उघड होते. एडा यांच्यापुढे यंत्रच नव्हते, कारण ते कधीच पूर्ण झाले नाही.

श्रेयाचा वाद काय?

बॅबेज यांच्या अप्रकाशित कागदांत १८४३ पूर्वीचेही छोटे प्रोग्रॅम सापडतात. त्यामुळे एडा यांना ‘पहिल्या प्रोग्रॅमर’ म्हणावे का, यावर मतभेद आहेत. तथापि, इतका सविस्तर प्रोग्रॅम त्यापूर्वी प्रसिद्ध झाला नव्हता. शिवाय हे यंत्र आकडेमोडीपलीकडे, संगीतरचनेसारखी कामेही करू शकेल, हे एडा यांनी ओळखले होते.

कर्करोगाने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी, वयाच्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आपला तक्ता चाललेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. तो आता कोणत्याही साध्या संगणकावर क्षणात चालवून पाहता येतो. फक्त चौथी क्रिया आधी दुरुस्त करावी लागते.