जमशेटजी टाटा आणि चांद्याचा कोळसा

थोर पुरुषांचें यश सर्वांच्या मुखीं असतें. त्यांचें अपयश मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. जमशेटजी नसरवानजी टाटा यांस असें एक अपयश आमच्याच चांदा जिल्ह्यांत आलें, म्हणून तें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यांचा जन्म ता. ३ मार्च १८३९ रोजीं नवसारी येथें झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिक्षण घेऊन ते व्यापारांत शिरले आणि १८७७ सालीं त्यांनीं नागपुरास एंप्रेस मिल सुरू केली. १८८२ सालीं एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनांत आला. चांदा जिल्ह्यांतील लोहारा येथें लोखंडाचें उत्तम खनिज असल्याचें त्यांत नमूद होतें. जवळच वरोऱ्यास कोळसा; तेव्हां कारखाना येथेंच काढावा, असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु वरोऱ्याचा कोळसा लोखंड गाळण्याच्या कामीं निरुपयोगी ठरला. सरकारच्या अटीही जाचक होत्या. बेत सोडावा लागला.

तथापि ध्यास सुटला नाहीं. पोलादासाठीं त्यांनीं पुढें अन्यत्र शोध चालविला. आणि मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या धुरांत कोंडलेल्या पाहून, सह्याद्रीवर कोसळणाऱ्या पावसाच्या पाण्यापासून वीज काढण्याचा विचार त्यांनीं मांडिला. ता. १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत त्यांचें देहावसान झालें. साक्चीचें पोलाद १९१२ सालीं निघालें आणि खोपोलीची वीज १९१५ सालीं गिरण्यांस मिळाली. दोहोंपैकीं एकही त्यांनीं पाहिलें नाहीं. १९२१ सालीं मात्र टाटांच्याच मुळशीच्या धरणापायीं जमिनी जाणाऱ्या मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला. निर्धूर विजेसही मोल पडतें, आणि तें बहुधा गरिबांसच द्यावें लागतें, हें विसरतां कामा नये.

त्या जुन्या चांदा जिल्ह्याचे १९८२ सालीं चंद्रपूर व गडचिरोली असे दोन जिल्हे झाले. चंद्रपूरचा कोळसा आज विजेसाठीं जाळला जातो. त्याच्या धुरानें पृथ्वीचें उष्णमान वाढतें, हें ओळखून २०१५ सालीं पॅरिस येथें राष्ट्रांनीं करार केला, भारतानें ता. २ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्यास मान्यता दिली. कोळशाचा वापर हळूहळू उतरवावा, असें २०२१ सालीं ग्लासगो येथें ठरलें. आमच्या कित्येक सोबत्यांचे वडील खाणींत राबतात. त्यांच्या चुलीचें काय, हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाहीं. जमशेटजींच्या चरित्रांत त्याचें आयतें उत्तर नाहीं. मात्र एक साधन फसलें म्हणून त्यांनीं साध्य टाकिलें नाहीं, दुसरें साधन शोधिलें. आम्हां विद्यार्थ्यांस आतां तेंच करावयाचें आहे, आणि तें करितांना मुळशीची आठवण ठेवावयाची आहे.