आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स : काठी दुसऱ्याच्या हाती देणारे मेंढपाळ



बारामती-इंदापूरच्या माळावर मेंढरे राखणाऱ्यांची काठी आपण नेहमी पाहतो. दृढीकरणासाठी महागुरुस्वामी येतात, तेव्हा त्यांच्या हातातल्या काठीचाही अर्थ तोच, कळपाची राखण. ही काठी योग्य वेळी दुसऱ्याच्या हाती देणे हेही मेंढपाळाचेच काम. मुंबईचे आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी ते करून दाखवले.

फ्रान्समधील ल हाव्र येथे ७ मार्च १८९३ रोजी एका इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९०९ साली ते येशूसंघात दाखल झाले व १९२५ साली धर्मगुरू झाले. १९३७ मध्ये लिव्हरपूल येथे सेवा करीत असताना त्यांची मुंबईला नेमणूक झाली. ही बातमी त्यांना प्रथम एका वार्ताहराकडून समजली!

मुंबईत तेव्हा एक मोठी अडचण होती. रोम व पोर्तुगाल यांच्यातील १९२८ च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश असत. म्हणजे इथल्या मातीतल्या धर्मगुरूंना त्या पदाची वाटच बंद! रॉबर्ट्स यांना हे पटले नाही. १९४६ मध्ये फादर व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहाय्यक बिशप नेमण्यात आले. त्यानंतर रॉबर्ट्स स्वतः मुंबईबाहेर राहिले व कारभार त्यांनी ग्रेशस यांच्यावर सोपवला. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला. रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. पुढे १९५३ मध्ये तेच पहिले भारतीय कार्डिनल ठरले.

आपल्या पुणे धर्मप्रांतातही याच काळात बदल घडला. १८८६ पासून येथे युरोपीय बिशप होते. १९४९ मध्ये बिशप अँड्र्यू डिसोझा यांच्या रूपाने भारतीय मेंढपाळ लाभला.

पद सोडले तेव्हा रॉबर्ट्स ५७ वर्षांचे होते. पुन्हा कोणताही धर्मप्रांत त्यांच्याकडे आला नाही. अधिकार कसा वापरावा यावर त्यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहिले. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या काळात त्यांनी सद्सद्विवेकाची बाजू घेतली व अण्वस्त्रांना विरोध केला. ते अनेकांना रुचले नाही. २८ फेब्रुवारी १९७६ रोजी ते प्रभूघरी गेले.

आपल्या धर्मग्रामातही पदे आहेत : समिती, महिला मंडळ, गायकवृंद. आपण खुर्ची धरून बसतो की कुणा तरुणाला तयार करतो? या आठवड्यात आपण एवढा विचार करू या, आणि आपल्या महागुरुस्वामींसाठी प्रार्थना करू या.