डॉ. बार्नार्डो आणि त्यांचीं मुलें

डॉ. टॉमस जॉन बार्नार्डो ह्यांचा जन्म आयर्लंडांतील डब्लिन शहरीं ४ जुलै १८४५ रोजीं झाला. चीन देशांत सुवार्ताकार्य करावें ह्या हेतूनें ते १८६६ सालीं लंडनास आले व तेथें वैद्यकीचा अभ्यास करूं लागले. पण शहराच्या पूर्व भागांत जें दृष्टीस पडलें त्यानें चीनचा विचार मागें पडला. गरीब मुलांसाठीं त्यांनीं एक शाळा काढिली होती. एके रात्रीं इतर मुलें गेलीं तरी जिम जार्व्हिस नांवाचा मुलगा विस्तवापाशींच बसून राहिला. त्याला घर नव्हतें. त्यानेंच बार्नार्डोंस नेऊन एका छपरावर चिंध्यांत निजलेलीं मुलें दाखविलीं.

१८७० सालीं त्यांनीं स्टेपनी येथें मुलग्यांसाठीं गृह उघडिलें. एकदां जॉन सोमर्स नांवाच्या ११ वर्षांच्या मुलास, जागा नाहीं म्हणून परत पाठविण्यांत आलें. थोड्याच दिवसांनीं तो भुकेनें व थंडीनें मेलेला सांपडला. तेव्हांपासून कोणत्याहि निराश्रित मुलास नाकारावयाचें नाहीं असा नियम झाला, व तो दारावर लिहिण्यांत आला. १८७६ सालीं बार्किंगसाइड येथें मुलींसाठीं एक खेडेंच वसविण्यांत आलें; त्यांतील प्रत्येक घराला एक आई नेमलेली असे.

वाचकहो, पुढचें दार कधींच लावावयाचें नाहीं असें ठरलें, म्हणजे आंतील मुलांस बाहेर जाण्याचीहि वाट हवी. कांहीं मुलें इंग्लंडांतील खेड्यांत कुटुंबांकडे ठेवण्यांत आलीं. १८८२ पासून पुष्कळ मुलें जहाजानें कॅनडास जाऊं लागलीं. मुलगे शेतावर गडी म्हणून व मुली घरकामास राहत. त्यांत बहुतेक पूर्ण अनाथ नव्हतीं. कोणाची आई जिवंत, कोणाचा बाप. मूल गेल्याची सूचना आईबापांस पुष्कळदां जहाज सुटल्यावर मिळे. एका आईचा खटला तर लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला, आणि १८९१ सालीं निकाल आईच्या बाजूनें लागला. बार्नार्डोंची दया खरी होती, ह्याविषयीं आम्हांस शंका नाहीं; पण दयेच्या भरांत त्यांनीं आईचा हक्क हलका लेखिला, असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

आपल्या गांवीं कोणाच्या घरीं ठेवलेलें पोर शाळेस जातें कीं नुसतीं गुरें राखतें, हें शेजारी पाहतो. कॅनडांत शेजाऱ्याचें घर कोसावर, हिवाळ्यांत बर्फ, आणि संस्थेचा तपासनीस क्वचितच येणार. कांहीं मुलांस घरच्यासारखी माया मिळाली व तीं पुढें स्वतःच्या जमिनीचीं धनी झालीं. कांहींच्या वांट्यास मार व उपास आला. १८९५ सालीं ऑन्टॅरिओ प्रांतांत त्यांचा एक मुलगा अत्यंत हालांत मेला. मालकिणीवर खटला झाला, पण ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. १८९७ सालीं त्या प्रांतानें अशा मुलांविषयीं कायदा केला.

१९ सप्टेंबर १९०५ रोजीं बार्नार्डो वारले. तोंवर सुमारें ६०,००० मुलांस त्यांनीं आश्रय दिला होता. त्यांच्या अस्थि बार्किंगसाइड येथें, मुलींच्या त्या खेड्यांतच आहेत. कॅनडाचें काम त्यांच्यामागें चालूच राहिलें. १९२४ सालीं मार्गारेट बाँडफील्ड ह्यांच्या समितीनें तेथें जाऊन पाहणी केली, व त्यानंतर १४ वर्षांखालील मुलें आईबापांवांचून घेणें कॅनडानें बंद केलें. १९३९ पर्यंत ह्या एका संस्थेनें सुमारें ३०,००० मुलें तिकडे पाठविलीं होतीं.

२०१० सालीं ब्रिटनचे मुख्य प्रधान गॉर्डन ब्राउन ह्यांनीं अशा रीतीनें परदेशीं पाठविलेल्या मुलांची पार्लमेंटांत क्षमा मागितली. त्या मुलांचीं नातवंडें अजूनहि संस्थेस पत्रें लिहितात, आणि आपला आजोबा कोणाचा मुलगा होता, त्यास भाऊ-बहीण होतीं काय, तें विचारतात.