रॉबर्ट कॉख आणि मातीत दडलेला रोग

सकाळी धडधाकट दिसणारी मेंढी संध्याकाळी कुरणात मरून पडलेली दिसली, तर मेंढपाळाला काय वाटेल? दीडशे वर्षांपूर्वी युरोपात हे नेहमीचंच होतं. काही कुरणं तर शापित मानली जात. अनेक वर्षं ओस ठेवली तरी तिथे जनावर सोडलं की ते मरायचंच. रोगाचं नाव ॲन्थ्रॅक्स, आपल्याकडे काळपुळी.

हे कोडं सोडवलं एका साध्या तालुक्याच्या डॉक्टरने. रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल येथे झाला. वडील खाणीत अधिकारी. १८६६ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १८७२ पासून वोलश्टाइन (आता हे गाव पोलंडमध्ये आहे) येथे सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करू लागले. प्रयोगशाळा नव्हती. होता तो एक सूक्ष्मदर्शक, पत्नी एमी यांनी वाढदिवसाला भेट दिलेला असं सांगतात.

मेलेल्या जनावरांच्या रक्तात काड्यांसारखे जिवाणू असतात, हे आधीच काहींनी पाहिलं होतं. पण तेच रोगाचं कारण, हे सिद्ध कुठे झालं होतं? कॉख यांनी लाकडाची कुसळं तापवून शुद्ध केली, त्या रक्तात बुडवली आणि उंदरांना टोचली. उंदीर मेले, त्यांच्या रक्तातही त्याच काड्या!

आता इथे नीट लक्ष द्या. बैलाच्या डोळ्यातल्या पाण्याच्या थेंबात त्यांनी हे जिवाणू वाढवले. काड्यांचे लांब धागे झाले आणि त्या धाग्यांत मण्यांसारखे चमकदार ठिपके दिसू लागले. तेच बीजाणू. ते वाळवून ठेवले, नंतर ताज्या द्रवात टाकले, तर पुन्हा काड्या उगवल्या! म्हणजे कुरण शापित नव्हतंच. मेलेल्या जनावराचं रक्त मातीत सांडायचं, हवा आणि ऊब मिळाली की बीजाणू तयार व्हायचे आणि वर्षानुवर्षं तग धरून राहायचे. म्हणूनच मृत जनावरांची विल्हेवाट नीट लावा, असा कॉख यांचा आग्रह होता.

३० एप्रिल १८७६ रोजी ते ब्रेस्लाउला गेले. तिथल्या फर्डिनांड कोन यांनीच १८७२ मध्ये बॅसिलस ही प्रजाती मांडली होती. कॉख यांनी त्यांच्यासमोर सगळे प्रयोग करून दाखवले, आणि त्याच वर्षी कोन यांच्या नियतकालिकात निबंध छापून आला.

पुढचं तुम्ही पुस्तकात वाचलंच असेल : १८८२ मध्ये क्षयाचा जिवाणू, मग कॉलऱ्याच्या शोधात थेट कलकत्ता, १९०५ मध्ये नोबेल. क्षयावरचं त्यांचं औषध मात्र फसलं. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचं निधन झालं.