लॉर्ड लिस्टर आणि त्यांचा कार्बॉलिकचा फवारा

लंडन येथील सायन्स म्यूझियममध्ये जुन्या शस्त्रवैद्यांची काही यंत्रे जतन करून ठेवली आहेत. त्यांत फवाऱ्याचे एक यंत्र आहे. पाण्याचे एक लहान धातूचे भांडे, त्याखाली स्पिरिटचा दिवा, बाजूस औषधाची बाटली आणि वर बारीक तोंडाची नळी, एवढाच त्याचा पसारा. पाणी उकळले म्हणजे वाफ नळीतून जोराने निघे, जाता जाता बाटलीतील औषध वर ओढून घेई, आणि दोन्ही मिळून धुक्यासारखे बारीक तुषार खोलीत पसरत. कपाशीवर औषध मारण्याचा पंप आमच्या वाचकांनी पाहिलाच आहे. त्यावरून यंत्राची कल्पना येईल. हे यंत्र ज्यांनी प्रचारात आणले व ज्यांनी स्वतःच ते टाकून दिले, त्या जोसेफ लिस्टर यांचे वृत्त आम्ही आज देत आहोत.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी लंडनजवळ अप्टन या गावी झाला. घराणे क्वेकर पंथाचे. साधा पोशाख, साधे बोलणे, करमणुकीची फारशी आवड नाही, अशी त्या घरची रीत होती. वडील द्राक्षारसाचे व्यापारी. परंतु फावल्या वेळी त्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राच्या भिंगांत मोठी सुधारणा केली, आणि मुलास लहानपणापासून त्या भिंगातून पाहण्याची सवय लागली. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील पदव्या त्या काळी इंग्लंडच्या राजमान्य मंडळीबाहेरील लोकांस मिळत नसत, म्हणून त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाचे शिक्षण घेतले. १८५३ साली ते एडिंबरो येथे सुप्रसिद्ध शस्त्रवैद्य जेम्स साइम यांच्याकडे थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले ते तेथेच राहिले. १८५६ साली साइम यांची कन्या ॲग्नेस हिच्याशी त्यांचा विवाह झाला. ती क्वेकर नसल्यामुळे लिस्टर यांस आपल्या वडिलांचा पंथ सोडावा लागला. या बाईंनी पतीच्या प्रयोगांची टिपणे वर्षानुवर्षे आपल्या हाताने लिहून ठेवली. दोघांस मूलबाळ झाले नाही.

१८६१ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीतील शस्त्रक्रियेचे वॉर्ड लिस्टर यांच्याकडे आले. ईथर व क्लोरोफॉर्म यांचा शोध लागून गेला होता, त्यामुळे शस्त्र चालवताना रुग्णास वेदना होत नसत. परंतु शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली तरी चार दिवसांनी जखम चिघळे, धावरे होई, रक्त दूषित होई, आणि माणूस दगावे. हाड मोडून कातडीबाहेर आले असेल तर बहुधा पाय कापण्यावाचून उपाय नसे, आणि पाय कापूनही जीव वाचेलच असे नसे. इस्पितळात जाणे म्हणजे मरणाच्या दारी जाणे, असे गोरगरीब समजत, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. दूषित हवेमुळे जखमा सडतात, असे वैद्य मानीत.

१८६५ साली रसायनशास्त्राचे अध्यापक टॉमस अँडरसन यांनी लिस्टर यांस फ्रान्सच्या पाश्चर यांच्या लेखांकडे पाहावयास सांगितले. आंबणे व सडणे ही सूक्ष्म जीवांची करणी आहे, असे पाश्चर यांनी दाखविले होते. मग जखमेतही हेच होत असले पाहिजे, हे लिस्टर यांनी ताडले. कार्लाइल गावी सांडपाण्याची दुर्गंधी मोडण्यासाठी कार्बॉलिक ॲसिड घालीत, हे त्यांच्या वाचनात आले होते. डांबरापासून निघणारे ते औषध त्यांनी माणसाच्या जखमेवर वापरून पाहण्याचे ठरविले. त्याच वर्षी ऑगस्टात गाडीचे चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा एक मुलगा इस्पितळात आला. हाड मोडून जखम उघडी पडली होती. लिस्टर यांनी कार्बॉलिकमध्ये भिजविलेले कापड जखमेवर बांधले. जखम पिकली नाही. सहा आठवड्यांनी हाड जुळले, आणि पुढे तो मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. १८६४ व १८६६ या दोन वर्षांत लिस्टर यांनी हात किंवा पाय कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ मेले होते. १८६७ ते १८६९ या तीन वर्षांत ४० पैकी ६ मेले.

येथपर्यंत सर्व ठीक होते. परंतु सूक्ष्म जीव हवेत तरंगत असतात, मग शस्त्रक्रिया चालू असता ते जखमेत पडणारच, तेव्हा हवाच शुद्ध केली पाहिजे, असे लिस्टर यांच्या मनाने घेतले. १८७१ च्या सुमारास त्यांनी फवारा सुरू केला. पहिला हातात धरून चालवावयाचा होता. मग तिवईवर बसविलेले लांब दांड्याचे मोठे यंत्र झाले. एक मदतनीस सारखा दांडा हलवीत उभा राही, आणि विद्यार्थी त्या यंत्रास थट्टेने गाढव म्हणत. शेवटी वर वर्णिलेला वाफेचा फवारा आला. १८७१ च्या सप्टेंबरात व्हिक्टोरिया राणीच्या काखेतील गळू लिस्टर यांनी बालमोरल येथे फोडले, तेव्हा फवारा चालविण्याचे काम राणीचे वैद्य जेनर यांच्याकडे होते. थोडे औषध राणीच्या तोंडावर उडाले व ती रागावली. आपण केवळ भाता चालविणारे, असे म्हणून जेनर यांनी वेळ मारून नेली.

राणीस जे क्षणभर सोसावे लागले ते शस्त्रवैद्य व मदतनीस यांस रोज तासन् तास सोसावे लागे. कपडे ओले होत, डोळे चुरचुरत, खोकला येई, हातांची कातडी पांढरी व बधिर होऊन भेगाळे. आणि हे सर्व होत असता अंगात मात्र बाहेर घालावयाचाच कोट! लिस्टर यांनी हवा इतक्या कसोशीने धुतली, पण कोटाकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही, याचे आम्हांस नवल वाटते. जखमेस खरे भय हवेतील धुळीपेक्षा हातांचे, शस्त्रांचे व कपड्यांचे होते. अशी चूक आपल्याकडेही घडली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा घरे कार्बॉलिकने धुवून काढली, परंतु रोग उंदरांवरील पिसवांच्या द्वारे पसरतो हे १८९८ साली कराचीत सिमाँ यांनी दाखवीपर्यंत कळले नव्हते.

जर्मनीतील शस्त्रवैद्यांनी लिस्टर यांची मूळ पद्धत मनापासून घेतली होती, पण फवाऱ्याविषयी त्यांनाच आधी शंका आली. १८८० नंतर त्यांपैकी अनेकांनी तो बंद केला, आणि त्यांच्या जखमा पूर्वीसारख्याच बऱ्या होत राहिल्या. लिस्टर १८७७ पासून लंडनच्या किंग्ज कॉलेजात होते. त्यांनी फवारा सोडला तो १८८७ साली. इतका उशीर का केला, असा दोष त्यांस द्यावयास जागा आहे. तथापि पुढे त्यांनी जे केले ते थोड्यांच्या हातून होते. १८९० साली बर्लिन येथे सर्व देशांच्या वैद्यांची मोठी परिषद भरली होती. त्यांची पद्धत एव्हाना देशोदेशी चालू होती, आणि फवाऱ्याचे नाव न काढता ते सन्मान घेऊन परत येऊ शकले असते. परंतु त्या सभेत उभे राहून त्यांनी आपण होऊन सांगितले की, हवेतील जंतू मारण्यासाठी फवाऱ्याची शिफारस आपण केली याची आपणांस लाज वाटते. ज्यांनी त्यांच्या सांगण्यावरून वर्षानुवर्षे ते तुषार श्वासात घेतले होते, त्यांचे कित्येक सहव्यवसायी व शिष्य तेव्हा हयात होते. जखम, हात व शस्त्रे शुद्ध राखण्याचा आग्रह मात्र त्यांनी सोडला नाही. तो खराच होता.

१८९३ साली इटलीत ॲग्नेसबाई फुप्फुसाच्या दाहाने वारल्या. त्यानंतर लिस्टर यांचे मन कामात पूर्वीसारखे रमले नाही. १८९५ ते १९०० ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि १८९७ साली त्यांस लॉर्ड ही पदवी मिळाली. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मर येथे त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर ॲबीत थोरामोठ्यांच्या रांगेत त्यांस पुरावे अशी लोकांची इच्छा होती. प्रेतसंस्काराची उपासना तेथे झाली, परंतु त्यांच्या स्वतःच्या इच्छेप्रमाणे त्यांस हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत पत्नीच्या शेजारी ठेवण्यात आले.